दुसऱ्या गेटापर्यंत

उद्यमबागेत बत्तीस वर्षं बीड ओतलं.
कुपोलाच्या तोंडाशी भुवया दोनदा जळाल्या,
परत आल्या.
किती टन, कुणी मोजलं?
पंपाच्या बॉड्या, मोटारीची झाकणं, ट्रॅक्टरचे हब,
सगळं ट्रकात बसून निघून गेलं.
आणि आता ही डॉक्टरीणबाई, थोरल्या लेकीच्या वयाची,
चष्मा वर सारून म्हणते,
मंडोळकर, तुमच्या अंगात लोखंड कमी आहे.

मी हसलो. हसताना दम लागला, मग खोकलो.
शेजारी बसलेली भागीरथी हसली नाही.

हृदय तर आधीच नापास.
पंपिंग तीस टक्के, असं कागदावर.
रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं,
दोन किलो वाढलं की फोन करायचा,
लघवीची गोळी, मीठ बंद, लोणचं बंद,
सांबऱ्याचा मेहुणा आणायचा ते सुकं बांगडं बंद.
सगळं पाळलं. तरी
शर्टाची बटणं लावताना मध्ये एकदा बसावं लागे.
वय झालं, म्हणायची भागीरथी.
मीही तेच म्हणायचो.
वयाच्या नावावर बरंच खपतं.

लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. चार महिने.
जिभेवर गंज, परसाकडं डांबर,
आणि आकडा जिथल्या तिथं.
बाई म्हणाल्या, हृदय असं थकलं की
आतडं दार लावून घेतं,
पोटातनं रक्तात काही जात नाही.
शिरेतनं द्यावं लागेल.
एवढं मला कळलं.
साच्याचं तोंड बुजलेलं असलं
तर वरून कितीही ओता, सांडणारच.

हिमोग्लोबिन साडेदहा. फेरिटिन अडतीस.
फेरिटिन म्हणजे कोठार, त्या म्हणाल्या,
ते आधी रिकामं होतं, गाजावाजा न करता,
रक्त त्याच्या मागून उतरतं.
मला ओतकामातला फुगा आठवला.
वरून गुळगुळीत, रंग मारलेला, आत पोकळ.
हातोडीनं टक् केलं की आवाज सांगायचा,
हा माल परत भट्टीत टाका.
माणसाला टक् करून कोण बघतो?

सहीचा कागद कन्नडमध्ये.
भागीरथीचं आजोळ बैलहोंगलकडचं,
तिनं बोट फिरवत वाचून दाखवला.
खाज सुटली तर सांगा.
छाती आवळली तर सांगा.
हेदरबेडरी काका, म्हणाली सिस्टर.
हे मात्र कुणी वाचून दाखवावं लागलं नाही.

बाटलीतलं पाणी काकवीच्या रंगाचं.
कोअरच्या वाळूत आम्ही काकवी घालायचो,
कण कणाला धरून राहावा म्हणून.
तापलं की शेडभर गुळाचा वास,
भुकेच्या वेळी जीव जायचा.
थेंब.
थेंब.
लोखंड पाण्यासारखं वाहताना जन्मभर पाहिलं,
पण लाल, अंगावर येणारं.
असं गार, सावकाश, माझ्याकडे येणारं
पहिल्यांदाच.
भागीरथी बाटलीवर डोळा ठेवून बसली,
दूध उतू जाईल की काय, अशी.
पोरानं बिलाची घडी करून खिशात घातली,
मला दाखवलं नाही.

सहा आठवड्यांनी दवाखान्याच्या बोळात
घड्याळ लावून परत चालवलं. सहा मिनिटं.
आधी दोनशे दहा मीटर.
आता दोनशे बावन्न.
बेचाळीस मीटर!
एवढ्यात काय येतं?
न्हाव्याचं दुकान येतं, पिठाची गिरण येते.
हृदय आहे तसंच आहे, बाई खोटं बोलल्या नाहीत.
कोठार परत रिकामं होऊ शकतं,
परत रक्त तपासू, परत बाटली लावू.
बरं, म्हटलं. भट्टीसुद्धा एकदा पेटवून भागत नाही.

काल दुसऱ्या गेटापर्यंत गेलो.
तिथं उभा राहिलो.
मागून सायकलवरचा भरमाण्णा ओरडला,
काय नागोजी, दम लागूलाय काय?

नाही बे, म्हटलं.
गेट पडलंय.